आर्डिसच्या टेबलावर टाळ्या बंद

आर्डिस रोझबूमच्या शेजारी मी एकोणीस हिवाळे बसलो आणि त्या एकोणीस हिवाळ्यांत तिनं एकदाही टाळी वाजवलेली मी पाहिली नाही. एरवी वाजवायची. शाळेच्या नाटकाला वाजवायची, कुणाच्या लग्नात वाजवायची. पण शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला ते लांब टेबल मांडलं, की बाईच्या हातांना कुलूप. डोळे तेवढे चेंडूमागे पळायचे आणि हातातली पेन्सिल वहीवर चालायची, बाकी सगळी शिळा.

नॉर्डहोल्ट आमचं गाव. आयोवाचा वायव्य कोपरा, अठराशे वस्ती, आडनावं सगळी डच आणि डोकी सगळी कडक. नोव्हेंबरात मका निघाला की मार्चपर्यंत गावाला दुसरा उद्योग नसतो, मुलींचा बास्केटबॉल सोडून. आर्डिस गावच्या साप्ताहिकात खेळाच्या बातम्या लिहायची. मी शाळेत सुतारकाम शिकवायचो आणि सामन्याला अधिकृत वही धरायचो: कुणी किती पॉइंट केले, कुणाचे किती फाउल झाले. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. शाळेत आम्ही एकाच वर्गात होतो, त्यामुळे एकमेकांना टोचायचा हक्क आम्हाला आपोआप मिळाला होता.

तिचे नियम कुठं छापलेले नव्हते, पण टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असावेत अशी तिची अपेक्षा. गावाचा रंग निळा, म्हणून सामन्याला निळं काही घालायचं नाही. तिचं एक राखाडी स्वेटर होतं, कोपरावर विरलेलं. जिमच्या दारातल्या दुकानावरचे पॉपकॉर्न कुणी फुकट पुढं केले तर घ्यायचे नाहीत. नाताळात कोचच्या बायकोनं तिच्या दारात घरी भाजलेला ॲपल पाय ठेवला, तर ती तसाच्या तसा वृद्धाश्रमात देऊन आली आणि ताटली धुऊन परत केली. सामना संपला की आधी हरलेल्यांकडे जायचं, पण दहा मिनिटं दारात थांबून. ‘रडायला तेवढी लागतातच,’ असं म्हणायची.

एकदा सू सिटीहून एक रेडिओवाला आला होता. चांगला तिशीतला माणूस, गळ्यात टाय. आमच्या एका मुलीनं लांबून बास्केट केली तर हा टेबलावर मूठ आपटून ओरडला, “घाल! अजून घाल!”

आर्डिसनं पेन्सिल टेबलावर दोनदा ठोकली. “साहेब, तिकीट काढून या.”

“म्हणजे?”

“ओरडायला तिकीट लागतं. ते वर बसलेत ना, त्यांनी काढलंय. आपण इथं फुकट बसलोय.”

तो लाल झाला आणि सामना संपेपर्यंत तोंडाला कुलूप लावून बसला. मला हसू आवरेना. मीही टेबलाचाच माणूस, म्हणजे नियम मलाही लागू. पण माझे पाय टेबलाखाली नाचायचे. तेवढं ती चालवून घ्यायची.

तिचा नवरा गेरिट दुधाचा टँकर चालवायचा आणि वर गॅलरीत तिसऱ्या ओळीत बसायचा. त्या घरातला सगळा आरडाओरडा एकट्या गेरिटच्या वाट्याला आला होता. रेफरीच्या चष्म्यापासून त्याच्या आजीपर्यंत तो सगळ्यांचा उद्धार करायचा, आणि खाली त्याची बायको पाषाणासारखी बसलेली. लोक म्हणायचे, यांचं जमतं कसं? मला वाटतं, त्यामुळंच जमत असावं.

मग त्यांची मुलगी क्रिस्टा टीममध्ये आली. नववीतच आली, इतकी चांगली होती. चौदा नंबर. आर्डिस त्याच दिवशी संपादकाकडं गेली आणि म्हणाली, आता मला हे सामने देऊ नका. संपादक म्हणाला, “मग कुणाला देऊ? मी जाऊ? मला बास्केट आणि बादली यातला फरक कळत नाही.” गावच्या पेपरात माणसं तीन, त्यातली एक जाहिराती बघायची. तेव्हा काम तिच्याच गळ्यात राहिलं. तिनं काय केलं, तर नियम आणखी आवळले. बातमीत पोरीचं पहिलं नाव नाही, नुसतं ‘रोझबूम’. फोटो नाही. कौतुकाचं विशेषण नाही.

एकदा सामन्याच्या आधी या दोघींचं माझ्या कानांवर पडलं.

“आई, मी पेपरात मेलेय का गं?”

“चौथ्या परिच्छेदात आहेस.”

“आणि लुआन पहिल्या ओळीत!”

“शेवटची बास्केट लुआननं केली.”

“पास मी दिला तिला!”

“तेच लिहिलंय चौथ्या परिच्छेदात.”

मला राहवलं नाही. पोर गेल्यावर मी म्हटलं, “आर्डिस, हा निःपक्षपातीपणा नाही. तू तुझ्या पोरीवर उलटा अन्याय करतेयस. दुसऱ्या कुणी बावीस पॉइंट केले असते तर तू मथळा दिला असतास.” पुढच्या सामन्याला आली ती दोन वर्षांची कात्रणं घेऊन. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “तू म्हणतोस ते खरं आहे. तीन वेळा तिला वर घ्यायला हवं होतं. मी चुकले.” त्या आठवड्यात क्रिस्टा दुसऱ्या परिच्छेदात आली. एखाद्या बाईचा इतका राग यावा आणि त्याच वेळी इतका आदर वाटावा, असं माझं आर्डिसच्या बाबतीतच व्हायचं.

क्रिस्टाचं बारावीचं वर्ष म्हणजे अठ्ठ्याण्णव. मार्च. विभागाची फायनल, समोर पाइक लेकची टीम. जिंकलं तर राज्याच्या स्पर्धेला डे मॉईनला जायचं, जिथं आमचं गाव एकतीस वर्षांत गेलं नव्हतं. ज्या शाळेत सामना ठरला होता तिचा बॉयलर फुटला, नाणं उडवलं आणि सामना आमच्या जिमला मिळाला. म्हणजे अधिकृत वही माझी. माझ्या डावीकडं पाइक लेकची वही धरणारी बर्नाडीन, पोस्टात काम करणारी, चष्म्याला साखळी. उजवीकडं आर्डिस. जिममध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती.

वही धरणाऱ्यांची एक रीत असते. रेफरीनं बोटांनी नंबर दाखवला, की दोघांनी हळू आवाजात एकमेकांना सांगायचं: “चौदा, दुसरा.” समोरच्यानं मान हलवायची. प्रत्येक सत्र संपलं की दोन्ही वह्या ताडून बघायच्या. एवढं केलं तर चूक होत नाही. एकोणीस वर्षांत माझी झाली नव्हती.

तिसऱ्या सत्रात आम्ही पाच पॉइंटांनी मागं होतो. क्रिस्टानं पटापट दोन बास्केट केल्या. मग मधल्या रेषेवर समोरच्या पोरीच्या हातातला चेंडू असा काढला, की त्या बिचारीला दोन पावलं टाकेपर्यंत कळलंच नाही, आणि एकटी धावत जाऊन तिसरी. सामन्यात आम्ही पहिल्यांदा पुढं गेलो. मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी उठलो. नुसता उठलो नाही, खुर्चीवर चढलो आणि दोन्ही हात वर करून बोंबललो. पेन कुठं उडालं कुणास ठाऊक. खाली उतरलो, पेन शोधलं, दोन पॉइंट लिहिले. सत्र संपलं तेव्हा बर्नाडीननं वही पुढं केली, पण मी पाठमोरा होऊन मागच्या ओळीतल्या माझ्या भावाला मिठी मारत होतो. “बरोबर असेल गं!” असं काहीतरी म्हणालो.

चौथ्या सत्रात एक मिनिट अडतीस सेकंद राहिले होते आणि आम्ही दोन पॉइंटांनी पुढं. शिट्टी वाजली. रेफरी डुएन प्रिन्स टेबलाकडं आला, एका हाताचं एक बोट आणि दुसऱ्याची चार. फाउल क्रिस्टाचा.

“चौदा, चौथा,” मी म्हटलं.

“पाचवा,” बर्नाडीन म्हणाली.

“चौथा गं.”

“मर्ल, पाचवा! तिसऱ्या सत्रात एक झालाय. तू नाचत होतास तेव्हा.”

डुएननं घड्याळ थांबवलं. दोन्ही वह्या पाहिल्या. त्याला स्वतःला आठवत नव्हतं. रात्रीचे चाळीसेक फाउल देणारा माणूस, त्याला काय आठवणार. त्याच्या जोडीदारालाही आठवेना. तो मला म्हणाला, “मर्ल, तुझ्या वहीत चार?”

“चार.”

“नक्की?”

“लिहिलेत तेवढे चार.”

“मग चारच. वाद झाला तर यजमानांची वही खरी. नियम आहे, बर्नाडीन, मी काय करू?”

बर्नाडीननं चष्मा काढला आणि साखळीला सोडून दिला. क्रिस्टा टेबलापासून चार हातांवर उभी होती, हात कमरेवर, छाती धपापत होती. ती आमच्याकडंच बघत होती. मला वाटलं माझ्याकडं बघतेय.

खोटं कशाला बोलू, तोपर्यंत मलाही शंका आली होती. खुर्चीवर चढलेलो मला आठवत होतं. पण वहीत चार होते, आणि वहीवर माझा हात होता, आणि गाव एकतीस वर्षांनी डे मॉईनला निघालं होतं.

आता आर्डिसचा सगळ्यांत मोठा नियम सांगतो. बातमीदार सामना लिहितो, खेळत नाही. इतक्या वर्षांत कोच येऊन विचारायचे, “आर्डिस, आमच्या बारा नंबरचे किती झाले गं?” आणि ती म्हणायची, “गुरुवारी पेपरात वाच.” तिच्या स्वतःच्या वहीत सगळे फाउल असायचे आणि माझ्या वहीत चूक शोधायला लोक कितीदा तिच्याकडं धावायचे, पण तिनं कधी ओठ उघडले नाहीत. तिची वही बघायची नाही, हे टेबलावर सगळे पाळायचे. म्हणजे तिनं गप्प बसावं हाच तिचा धर्म होता, आणि गप्प बसली तर तिचीच पोर खेळत राहणार होती. कुणी एका शब्दानं नाव ठेवलं नसतं.

डुएन शिट्टी तोंडात घालून वळला. त्याच क्षणी माझ्या उजव्या कोपराला काहीतरी लागलं. आर्डिसची वही. तिनं ती दोन बोटांनी माझ्यापुढं सरकवली होती. बोटाखाली ओळ होती: तिसरं सत्र, २:१०, चौदा, चौथा.

“मर्ल,” ती हळूच म्हणाली, “तू तेव्हा खुर्चीवर होतास.”

एवढंच. रेफरीला हाक मारली नाही, बर्नाडीनकडं पाहिलं नाही. मला त्या वहीवर हात ठेवता आला असता. अर्धा क्षण तो विचारही मनात येऊन गेला, देव मला क्षमा करो. मग मी ओरडलो, “डुएन! थांब! पाचच आहेत. चूक माझी.”

क्रिस्टा बाहेर गेली. वर गेरिटचा आवाज जो थांबला तो पुन्हा आला नाही. आर्डिसनं वही ओढून घेतली आणि लिहिलं: चौथं सत्र, १:३८, चौदा, पाचवा, बाहेर. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं. तिनं दुसरी काढली. आम्ही एका पॉइंटानं हरलो.

नंतर मी कोचची माफी मागायला मुलींच्या खोलीकडं गेलो, तर दाराशी आर्डिस उभी, घड्याळ बघत. हरलेल्यांकडं आधी जायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. आत रडण्याचा आवाज येत होता आणि त्यात एक आवाज तिच्या घरचा होता. मी म्हटलं, “अगं, आज तरी जा ना आत.” ती म्हणाली, “अजून चार मिनिटं आहेत.”

दार उघडलं. क्रिस्टा मानेभोवती टॉवेल टाकून बाकावर बसली होती.

“रोझबूम,” आर्डिस म्हणाली, “पाचव्या फाउलबद्दल काही सांगायचंय?”

“नाही.”

“‘बोलायला नकार दिला’ असं लिहू?”

“लिही की. नाहीतरी तू लिहितेसच.”

“आभारी आहे.” आणि ती लुआनकडं वळली. तिचा आवाज जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव रेफरीला आणि बर्नाडीनला शिव्या घालत होतं. त्या गदारोळात नेमकं काय झालं ते वर गॅलरीत कुणालाच कळलं नव्हतं. मी सुट्टीत आर्डिसच्या ऑफिसात गेलो.

“माझी चूक छाप. खुर्चीवर चढलो तेही छाप,” मी म्हटलं. “पण वही तू दाखवलीस हे लिहू नकोस. कुणाला कळलेलं नाही. लोक तुला जगू देणार नाहीत.”

“ते झालंय ना? मग बातमीत येणार.”

“बरं, मग मला एक सांग. एकोणीस वर्षांत तू कधी कुणाला वही दाखवली नाहीस. कालच का दाखवलीस? तुझाच नियम होता ना गप्प बसायचा?”

ती टाइप करता करता थांबली. “दुसऱ्या कुणाची पोर असती तर बसले असते गप्प. काल गप्प बसणं म्हणजे टाळ्या वाजवणंच होतं, मर्ल.”

गुरुवारी पेपर आला. सहाव्या परिच्छेदात होतं: “अधिकृत वहीत राहून गेलेला फाउल या बातमीदाराने निदर्शनास आणला. बातमीदार ही रोझबूमची आई आहे. रोझबूमने बोलण्यास नकार दिला.” इतक्या वर्षांत तिनं बातमीत स्वतःचा उल्लेख केला तो हा एवढाच.

मग व्हायचं ते झालं. आई आहे की वैरीण, असं बायका तिला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायच्या. रविवारी चर्चनंतर कॉफीला तिच्या टेबलावर मी, गेरिट आणि पाद्रीबुवांची बायको, एवढेच. माझ्यावर लोक चिडले नाहीत, हे मला जास्त लागलं. माझी चूक त्यांना माणसाची वाटली. तिचं खरेपण त्यांना सोसवलं नाही. ती काही समजावायला गेली नाही. उलट तिनं संपादकाला लिहून दिलं, की बातमीदारानं सामन्यात हात घातला, तेव्हा पुढचा एक हिवाळा तो बास्केटबॉलला बसणार नाही. शिक्षा तिची तिनंच ठरवली. त्या वर्षी ती मुलांच्या कुस्त्यांना जाऊन बसली, त्याच राखाडी स्वेटरात, तसाच चेहरा करून. मी वही सोडली आणि वर गॅलरीत गेरिटशेजारी जाऊन बसलो. माझी जागा मुळात तीच होती.

क्रिस्टा दोन महिने आईशी कामापुरतं बोलायची. मे महिन्यात ती माझ्या वर्गात देवदारची पेटी पूर्ण करत होती, बारावीच्या मुली करतात तशी. झाकणाला पॉलिशपेपर घासता घासता तिनं हात थांबवला.

“कोइकर सर, मला ठाऊक होतं.”

“काय ठाऊक होतं?”

“पाच झालेत ते. मी मोजत होते. सगळ्याच मोजतात. तुम्ही चार म्हणालात आणि मी काहीच बोलले नाही. मी आईकडं बघत राहिले, तिनं सांगू नये म्हणून. ते तिला कळलं होतं. तरी तिनं सांगितलं.”

मी रंधा खाली ठेवला. म्हटलं, “हे मला कशाला सांगतेस, बाळ? आईला सांग.”

“काल सांगितलं. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘हे तू बातमीदाराला सांगतेयस की आईला?’”

“मग?”

“मी म्हटलं, आईला.” क्रिस्टानं पॉलिशपेपर बाजूला ठेवला. “मग ती सुरी ठेवून रडायला लागली, सर. इतकी रडली, की बाबा टँकर तसाच चालू ठेवून आत धावत आले.”